आईच्या गालात पांढरी जाळी: लायकेन प्लॅनसचा कर्करोग होतो का? जाणकारांनी सांगावं

रानजाई | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आई ६१ वर्षांची. गावी असते, कोल्हापूरकडे. दिवाळीपासून म्हणत होती की तिखट लागलं की तोंडात आग होते. तोंड आलं असेल म्हणून आधी बी कॉम्प्लेक्स झालं, मग तूप लावून झालं, जाईचा पाला चावून झाला. संक्रांतीला मी गेले तर ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. जन्मभर ठेच्याशिवाय जिची भाकरी मोडली नाही, तिचं ते ताट बघूनच माझ्या पोटात गोळा आला. तिला खिडकीपाशी बसवलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोटाने गाल बाहेर ओढून बघितलं. आत दाढांच्या रेषेत बारीक पांढऱ्या रेघा, एकमेकींत गुंतलेल्या, जाळी विणल्यासारख्या. दोन्ही गालांत. डाव्या बाजूला त्या जाळीच्या मधोमध करंगळीच्या नखाएवढा भाग लालभडक, सोलल्यासारखा.

तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "लायकेन प्लॅनस आहे, घाबरण्यासारखं काही नाही, पण याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, लक्ष ठेवा." एका दमात दोन्ही. लावायला मलम दिलं. लक्ष ठेवायचं म्हणजे काय बघायचं, कोणी बघायचं, किती दिवसांनी, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. रात्री नेटवर वाचत बसते. एकीकडे लिहितात काही होत नाही, दुसरीकडे थेट कर्करोगाची पूर्वावस्था म्हणतात. आईला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. आई चाळीस वर्षं मिश्री लावते. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बीपीची गोळीही चालू आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

---

मुखवैद्य | ३ फेब्रुवारी, रात्री ११:३५

रानजाई, मी मुखरोगांचाच डॉक्टर आहे. इथून निदान करता येत नाही, पण तुम्हाला कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याच शरीरातल्या पांढऱ्या पेशी तोंडाच्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरावर हल्ला करत राहतात, त्यातून लायकेन प्लॅनस होतो. तो संसर्गजन्य नाही. आईंच्या ताटात जेवलात, त्यांचा उष्टा पेला वापरलात तरी तुम्हाला होणार नाही. इरॅस्मस विल्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८६९ मध्ये या आजाराला हे नाव दिलं. तुम्ही पाहिलेल्या रेघांना विकहॅमच्या रेषा म्हणतात, त्यांचं वर्णन १८९५ चं आहे. म्हणजे आजार काही नवा नाही. साधारण शंभरात एकाला तोंडातला लायकेन असतो. चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त, बायकांमध्ये जास्त.

आता मुख्य प्रश्न. हो, कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा आजार 'कर्करोगाची शक्यता असलेल्या मुखविकारां'त आहे. पण ही शक्यता किती? निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले तर शंभर रुग्णांमागे साधारण एक, निदानाच्या कसोट्या कडक लावल्या तर दोनच्या आसपास. तेही एका वर्षात नाही, बरीच वर्षं लक्ष ठेवल्यानंतर. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणांना जळजळ सोसावी लागते, पण कर्करोग होत नाही. आईंना हे याच शब्दांत सांगा. लपवू नका, कारण लक्ष शेवटी त्यांनाच ठेवायचं आहे.

नुसती पांढरी जाळी असेल तर धोका कमी. लाल, सोललेला, जखमेसारखा प्रकार असेल तर जास्त. जिभेच्या कडेला असेल तर आणखी सांभाळायचं. तंबाखू, दारू किंवा हिपॅटायटिस सी सोबत असेल तर धोका वाढतो. तुमच्या पोस्टमध्ये लाल भागही आहे आणि मिश्रीही आहे. म्हणून मलम लावून वाट बघण्याआधी त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासून घ्या (यालाच बायोप्सी म्हणतात), असं माझं स्पष्ट मत आहे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायची पावडर म्हणून ती घराघरांत सुटून जाते. तपासताना "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात, कारण त्यांच्या मनात मिश्री म्हणजे तंबाखू नसतेच. मी वेगळं विचारतो, "सकाळी दात कशाने घासता? दुपारी परत लावता का?" तेव्हा खरं उत्तर मिळतं.

दुसरं म्हणजे लायकेनसारखी दिसणारी सगळीच जाळी लायकेन नसते. तंबाखू किंवा विडा जिथे धरून ठेवतात नेमकी तिथेच अशी जाळी उमटते आणि सवय सुटली की विरते. जुन्या चांदीच्या रंगाच्या फिलिंगला चिकटून असलेल्या गालावर उमटते, ते फिलिंग बदललं की बरीचशी जाते. बीपीच्या, मधुमेहाच्या, सांधेदुखीच्या काही गोळ्यांनीही होते. आईंची गोळी कुठली ते डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका. बीपी वाढून होणारं नुकसान जास्त मोठं असेल.

---

शेवंती | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

रानजाई ताई, धीर सोडू नका. मला स्वतःला अकरा वर्षं लायकेन आहे. दोन्ही गाल आणि खालच्या हिरड्या. दोनदा बायोप्सी झाली, दोन्ही वेळा कर्करोगाचं काही नाही.

मला डॉक्टरांपेक्षा रोजच्या जगण्याचं जास्त सांगता येईल. हा आजार चढतो-उतरतो. मार्चएंडला ऑफिसचं काम वाढलं की माझा हमखास उसळतो. मधले चार-पाच महिने आठवणसुद्धा येत नाही. आईंनी पेस्ट बदलून बघावी. फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट ज्यात नाही अशी घ्यावी, आणि दालचिनीच्या स्वादाची तर अजिबात नको. मला पहिला आराम पेस्ट बदलल्यावर पडला, औषधाने नाही. ब्रश एकदम मऊ. हिरड्या दुखतात म्हणून घासणं सोडलं तर कीटण साचतं आणि हिरड्या आणखी चिडतात, हे मी दोन वर्षं भोगलंय.

मलम लावायची पद्धत मला कोणी सांगितलीच नव्हती. मी बोटाने चोळायचे आणि लगेच चहा प्यायचे. नंतर एका डॉक्टरांनी दाखवलं: जेवण झालं, तोंड स्वच्छ केलं की कापसाने किंवा गॉजने ती जागा आधी कोरडी करायची, मग मलमाचा पातळ थर नुसता टेकवायचा, चोळायचा नाही. अर्धा तास पाणीसुद्धा नाही. ओल्या गालावर मलम टिकतच नाही.

आणि एक. स्टिरॉइडचं मलम बरेच दिवस लावलं की तोंडात दह्यासारखा पांढरा थर येऊ शकतो, तो पुसला की निघतो. ती बुरशी असते, लायकेन वाढला म्हणून घाबरायचं नाही. डॉक्टर त्याचं वेगळं औषध देतात.

खाण्याचं म्हणाल तर माझं तिखट गेलं, पण चव गेली नाही. आमटीत मिरचीऐवजी आल्याचा कीस थोडा, लिंबू नाही, कोकमही बेतानेच. पापड, कुरकुरीत चकली, कडक पाव बंद, ते टोचतात. ज्वारीची भाकरी मऊ असेल तर चालते.

---

वैनगंगा | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

धाग्याला थोडा फाटा फोडते, माफ करा. माझ्या मनगटांवर आणि नडग्यांवर जांभळे, चपटे, खूप खाजणारे फोड आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी लायकेन प्लॅनस सांगितलं. मग मलाही कर्करोगाची भीती आहे का?

---

मुखवैद्य | ४ फेब्रुवारी, दुपारी २:४५

वैनगंगा, त्वचेवरच्या साध्या लायकेनने कर्करोगाचा धोका वाढतो असं मानलं जात नाही. बहुतेकांचा तो वर्ष-दोन वर्षांत विझतो आणि मागे काळपट डाग राहतात. आपल्या वर्णाच्या माणसांत ते डाग बराच काळ दिसतात, एवढंच. अपवाद दोन लक्षात ठेवा. नडगीवर वर्षानुवर्षं राहिलेला जाड, खरखरीत चट्टा असेल आणि त्यात एखादी जागा वाढू लागली, फुटू लागली तर दाखवायचं, कारण अशा जुन्या चट्ट्यांत कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, दुर्मीळ असल्या तरी. दुसरा अपवाद बायकांच्या जननेंद्रियांवरचा जखमांचा लायकेन. त्याबद्दल बायका संकोचाने बोलत नाहीत आणि वर्षं जातात. तिथेही थोडा धोका असतो आणि नियमित तपासणी लागते. तोंडात लायकेन असलेल्या प्रत्येक बाईला मी हे विचारतो. रानजाई, तुम्हीही आईंना विचारा. लेकीला सांगतील त्या.

तुम्हाला त्वचेवर आहे तर एकदा तोंडही दाखवून घ्या. बऱ्याच जणांना दोन्हीकडे असतो आणि तोंडातला दुखत नाही म्हणून कळत नाही.

---

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

हे लिहू की नको असा दिवसभर विचार केला. रानजाई ताईंना घाबरवायचं नाही, पण लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

माझ्या वडिलांच्या जिभेच्या उजव्या कडेला पांढरा-लाल चट्टा होता. फक्त उजव्या. एका दवाखान्यात नुसता बघून लायकेन सांगितला. तुकडा घेतला नाही. दोन वर्षं मलम चालू होतं. दर वेळी जायचो, दर वेळी "जुनाच आहे, चालू ठेवा". वडील म्हणायचे की कानात ठणका मारतो. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना कान स्वच्छ दिसला. शेवटी जेवताना जीभ वळेना, घास उजवीकडून डावीकडे सरकेना, तेव्हा परळला टाटाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातमोजा घातला आणि चट्ट्यावर बोट दाबलं. दोन वर्षांत त्या जागेला बोट लावणारा तो पहिला माणूस. खाली कडक गाठ होती.

जिभेचा भाग काढला, मानेच्या गाठी काढल्या, पुढे किरणांचा शेक दिला. वडील त्यानंतर चौदा महिने होते. शेवटी शेवटी पाटीवर लिहून बोलायचे.

मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणाला दोषी ठरवायचं नाही. पण एक सांगतो, 'लायकेन' हे नाव एकदा केसपेपरवर चढलं की पुढचा प्रत्येक जण तेच नाव वाचतो, तोंड बघत नाही. दर वेळी नव्याने बघा म्हणावं. बोटाने दाबून बघा म्हणावं.

---

मुखवैद्य | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

कृष्णाकाठ, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

तुमच्या पोस्टमधला 'फक्त उजव्या' हा शब्द सगळ्यांनी लक्षात ठेवावा. खरा लायकेन बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो, आरशात बघितल्यासारखा. एकाच बाजूला, एकाच जागी चट्टा असेल तर तो लायकेन म्हणून सोडून द्यायचा नसतो, तुकडा घ्यायचाच.

यात आमच्या शास्त्रातला एक जुना वादही गुंतलेला आहे. १९७८ मध्ये क्रचकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर छापून आलेली 'लायकेनचा कर्करोग झाला' ही प्रकरणं पुन्हा तपासली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुळात लायकेन होता याचाच पुरावा अपुरा निघाला. काहींची सुरुवातीची बायोप्सीच नव्हती, काही रुग्ण तंबाखू खाणारे होते. म्हणजे जे लायकेन समजले गेले ते पहिल्यापासूनच दुसरं काहीतरी असू शकतं. पुढे २००३ मध्ये व्हॅन डर माय आणि व्हॅन डर वाल यांनी निदानाच्या कसोट्या कडक केल्या. डोळ्यांना दिसणारी जाळी दोन्हीकडे हवी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बिघडलेल्या नकोत, दोन्ही जुळलं तरच लायकेन. अशा कसोट्या लावूनही कर्करोगाचं प्रमाण शून्यावर आलं नाही. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ धोका खरा धरतात, पण लहान धरतात.

एक आजार तर असा आहे की तो सुरुवातीला हुबेहूब लायकेनसारखा दिसतो. हिरड्यांवर पांढरे चट्टे, हळूहळू पसरणारे, पुढे चामखिळीसारखे खरखरीत. त्याचं रूपांतर कर्करोगात होण्याचं प्रमाण लायकेनच्या कितीतरी पट आहे आणि तो तंबाखू न खाणाऱ्या वयस्कर बायकांतही होतो. पहिल्या बायोप्सीत तो कित्येकदा सापडत नाही. म्हणून चट्ट्याचं रूप बदललं की पुन्हा तुकडा, मग आधीचा रिपोर्ट कितीही चांगला असो.

---

रानजाई | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ दादा, तुमची पोस्ट वाचून रडू आलं. काल रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. ती पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "मला वाटलंच होतं तू काहीतरी लपवतीस." तुकडा तपासायला तयार आहे. मिश्रीचं मात्र म्हणते, "ती लावल्याशिवाय मला परसाकडं होत नाही, डोकं धरतं." ओरडून उपयोग नाही हे कळतंय. कोणाच्या घरी सुटलीये का?

---

माणगंगा | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

आमच्या सासूबाईंची सुटली, सत्तरीत. परसाकडचं कारण आमच्याकडेही तेच होतं. ते खोटं नाही, तंबाखूने आतडी हलतात आणि इतक्या वर्षांची सवय असते. आम्ही पहाटे कोमट पाणी आणि रात्री इसबगोल सुरू केला, मगच मिश्री कमी करायला घेतली. आधी दुपारची बंद, मग संध्याकाळची. सकाळची सगळ्यात शेवटी, तिला दोन महिने लागले. हाताला चाळा हवा म्हणून बडीशेप दिली. सुपारी दिली नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या शेजारच्या काकूंनी मिश्री सोडली आणि सुपारी धरली.

पहिला आठवडा चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. घरच्यांनी तेव्हा सांभाळून घ्यायचं. आणि डबा घरात ठेवायचा नाही. चुलीजवळच्या फळीवर डबा दिसला की हात जातोच.

---

मुखवैद्य | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:००

माणगंगा यांनी सुपारीचं लिहिलंत, त्याला जोड देतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तसं जाहीर केलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. सुपारीमुळे तोंड आखडतं, गाल आतून चामड्यासारखा होतो, तोंड पूर्ण उघडत नाही. त्या आजारात कर्करोगाचं प्रमाण लायकेनपेक्षा बरंच जास्त, शंभरात चार ते सात. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे तो तंबाखू-सुपारीमुळे, लायकेनमुळे नाही. म्हणून आईंच्या बाबतीत मला लायकेनइतकीच, खरं तर थोडी जास्तच, काळजी मिश्रीची वाटते.

बायोप्सीला जाताना: शासकीय दंत महाविद्यालयात मुखरोगांचा वेगळा विभाग असतो, तिथे दाखवा. तुकडा कुठून घेतात ते महत्त्वाचं. जखमेच्या मधोमध घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते. जखमेच्या कडेचा हवा, आजूबाजूच्या धडधाकट दिसणाऱ्या भागासकट. दुसरा छोटा तुकडा वेगळ्या द्रावणात पाठवायचा का, हेही विचारा. त्यावरून पेम्फिगससारखे फोडांचे आजार ओळखता येतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा.

---

सह्यकडा | ५ फेब्रुवारी, रात्री ८:२२

हळद, कोरफड यांनी माझ्या मामींना फरक पडला. सोबत करायला हरकत नसावी?

---

मुखवैद्य | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१०

जळजळ कमी व्हायला दोन्हींचा काहींना उपयोग होतो, अभ्यासही झालेत. पण तुकडा तपासल्यानंतर. आधी हे करून बघू, नाही बरं वाटलं तर बायोप्सी, असा क्रम लावू नका.

टॅक्रोलिमस मलमाबद्दल मला व्यक्तिगत निरोप आलाय, इथेच उत्तर देतो. स्टिरॉइडने भागलं नाही तर ते वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये त्याच्या वेष्टनावर कर्करोगाबद्दल इशारा छापायला लावला. मलमामुळे कर्करोग होतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, पण मी ते पहिल्यांदा देत नाही आणि महिनोन्‌महिने चालू ठेवत नाही.

---

रानजाई | २६ फेब्रुवारी, रात्री ९:४८

रिपोर्ट आला.

आधी त्या दिवसाचं सांगते, पुढे कोणाला उपयोगी पडेल. आईला भुलेचं इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं. बाईडॉक्टर होत्या. त्यांनी आधी दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळा, सगळं बघितलं आणि प्रत्येक जागी बोट फिरवलं. मानही चाचपली. मी कृष्णाकाठ दादांना मनात नमस्कार केला. लाल भागाच्या कडेचा तुकडा घेतला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. दोन टाके. दहा मिनिटांत आई बाहेर, तोंडात कापूस धरून मला हाताने खुणावत होती की चल, एसटी चुकेल. चार दिवस पेज आणि थंड ताक, सातव्या दिवशी टाके काढले.

रिपोर्टमध्ये लायकेन प्लॅनस आहे, पेशी बिघडल्याचं काही नाही. डॉक्टरांनी शेवटची ओळ मला दोनदा वाचून दाखवली. डाव्या गालाला एक दाढ तुटकी होती, तिची धार लागत होती, ती घासून गुळगुळीत केली. मलमाची पद्धत शेवंती ताईंनी लिहिली तशीच सांगितली. मिश्री बंद करायलाच हवी, असं आईच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. सध्या दुपारची बंद झालीये, सकाळची चालू आहे. चार महिन्यांनी परत बोलावलंय, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, आणि हे कायम. घरी महिन्यातून एकदा बघायला सांगितलंय. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक लागणारी जागा, रक्त, कारण नसताना हललेला दात, मानेत गाठ, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं.

मुखवैद्य, एक विचारायचं राहिलं. टॉर्च लावून दोन्ही गालांचे फोटो दर महिन्याला काढून ठेवले तर चालेल का? वहिनी काढायला तयार आहे.

---

मुखवैद्य | २६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

रिपोर्ट वाचून बरं वाटलं. फोटो जरूर काढा. दर वेळी त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, शेजारी चमचा धरून, म्हणजे आकार कळतो. फोटोत तारीख येऊ द्या. आणि फोटो काढून झाला की वहिनींनी हात स्वच्छ धुऊन गालावर बोट फिरवायचं. कडकपणा फोटोत दिसत नाही.

---

रानजाई | २६ फेब्रुवारी, रात्री १०:३१

हो. १ तारखेला पहिला फोटो काढतो. आईने आत्ता फोनवर विचारलं, ठेचा कधी खाऊ?

---

शेवंती | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

त्यांना सांगा, लाल भाग भरला की मिरची बिया काढून, तेलात परतून, दाण्याचा कूट भरपूर घालून आधी बोटावर घेऊन बघा. मी खाते तसा.